उभ्या बोटीचं इंजिन : चैत्र ते मृग

१२ एप्रिल

गावच्या पूर-बचाव गटाची बोट शेडमधून बाहेर काढली. इंजिन सोडवून लाकडी घोडीवर टांगलंय. २५ हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. दोन स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं. दोन सिलिंडर, एकच कार्बोरेटर. सेल्फ नाही, दोरी ओढूनच सुरू करायचं. पेट्रोलची टाकी वेगळी, बोटीत ठेवायची. तिथून इंजिनापर्यंत रबरी पाइप आणि पाइपच्या मध्ये हाताने दाबायचा फुगा.

तक्रार अशी, की एकदा सुरू झालं की दिवसभर मस्त चालतं. बंद करून तासाभराने दोरी ओढली तरी पहिल्या झटक्यात धरतं. पण आठवडाभर उभं राहिलं की खांदा निखळेपर्यंत ओढा, हूं की चूं नाही.

मासेमारीच्या बोटीला हे चाललं असतं. ही बोट पुरासाठी आहे. वर हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की आमच्याकडे तापी बघता बघता चढते, त्यात सातपुड्यातून अनेर नदी भरून आली तर विचारायलाच नको. गेल्या श्रावणात नदीकाठच्या मळईत मेंढ्या घेऊन बसलेले दोन धनगर पाण्यात वेढले गेले, आणि आमचं इंजिन ऐन वेळी रुसलं. पोरं वल्ही मारत गेली. माणसं सुखरूप आली, मेंढ्याही बऱ्याचशा आल्या, पण गढूळ लोंढ्यात वल्ह्यांवर जाणं म्हणजे पोरांचा जीव टांगणीला लावणं. ही बोट वर्षातले बरेच महिने शेडमध्ये असते आणि जेव्हा लागते तेव्हा त्याच मिनिटाला लागते. म्हणून या कामाची कसोटी एकच धरली आहे. दुरुस्तीनंतर लगेच सुरू झालं तर त्याला काही किंमत नाही. उभं राहून, थंड होऊन, आठवड्याने सुरू झालं पाहिजे.

१३ एप्रिल

सकाळी ऊन चढायच्या आत सुरुवात केली. नाना येऊन बसले. त्यांचा जन्म तापीत जाळं टाकण्यात गेलाय. इंजिनाकडे बघून म्हणाले, "येले काय व्हयनं? कार्बोरेटर धुई टाक."

माझ्या गॅरेजला गाडी आली की गिऱ्हाईकही हेच सांगतं. मी आधी कार्बोरेटर उघडत नाही. उघडला, धुतला, बसवला की इंजिन सुरू होतंच, कारण तेवढ्यात ताजं पेट्रोल आत गेलेलं असतं. मग खरा दोष कुठे होता ते कधीच कळत नाही, आणि आठ दिवसांनी गाडी परत दारात. आधी एवढंच शोधायचं, की पेट्रोल पोचत नाही, का पोचूनही पेटत नाही.

सगळ्यात आधी हँडलजवळची लाल दोरी. ती निघाली की इंजिन बंद पडतं, माणूस पाण्यात पडला तर बोट पुढे पळू नये म्हणून. तिची क्लिप नीट बसली होती.

मग नेहमीसारखं फुगा दाबून, चोक ओढून दोरी ओढली. भरपूर ओढली. दोन्ही प्लग काढले. दोन्ही कोरडे ठणठणीत, पेट्रोलचा वाससुद्धा नाही. इतकं ओढल्यावर प्लग ओला यायला हवा होता. प्लगचं लोखंड इंजिनाला टेकवून, प्लगच्या भोकापासून लांब धरून ठिणगी बघितली. भोकातून पेट्रोलची वाफ येते, तिथे ठिणगी पाडली तर भडका उडू शकतो. ठिणगी निळी आणि कडक. अंगठ्याने दाब बघितला, दोन्ही सिलिंडर अंगठा फेकतात.

शेवटी एका इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये तेल घातलेलं ताजं पेट्रोल घेऊन कार्बोरेटरच्या तोंडात थोडं सोडलं आणि दोरी ओढली. भर्रकन धरलं, दोन-तीन सेकंद चाललं, बंद. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच.

म्हणजे ठिणगी आहे, दाब आहे, पेट्रोल नाही. नानांना दाखवलं. ते मान हलवून गप्प बसले, पण जागेवरून उठले नाहीत.

१४ एप्रिल

आज जयंतीची मिरवणूक, पोरं सगळी तिकडे. मी टाकी तपासली.

टाकीत मागच्या हंगामातलं पेट्रोल होतं. झाकण उघडलं तर पेट्रोलचा तो नाकात चढणारा वास नाहीच, जुन्या वार्निशसारखा आंबट वास. काचेच्या बरणीत काढून सावलीत ठेवलं. अर्ध्या तासाने बरणीच्या तळाशी एक वेगळा थर दिसायला लागला. वर पिवळट लाल पेट्रोल, खाली पाण्यासारखा पारदर्शक पट्टा, मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ. बरणी हलवली की खालचा थर जाडसर डोलतो.

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी धरतं. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवा शिरते, झाकणाच्या कडेने थेंब उतरतात, ते पाणी इथेनॉल आपल्यात घेत राहतं. एका मर्यादेपर्यंत सगळं एकजीव राहतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात. टाकीतली नळी तर तळातूनच पेट्रोल ओढते. आणि दोन स्ट्रोकला याहून मोठा धोका हा, की आपण मिसळलेलं तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. खालच्या थरावर इंजिन चाललंच तर ते बिनतेलाचं चालतं. पिस्टन आणि बेअरिंग खलास.

रोजच्या गाडीत पेट्रोल आठवडाभरात संपतं, तिथे हा प्रश्न येत नाही. वर्षभर उभ्या राहणाऱ्या इंजिनाला मात्र तो आलाच म्हणून समजा.

टाकी रिकामी केली, थोड्या ताज्या पेट्रोलने खळबळून घेतली, झाकण काढून सावलीत वाळत ठेवली. जुनं पेट्रोल कुठल्याच इंजिनात घालणार नाही.

१९ एप्रिल

कार्बोरेटर आज उघडला, कारण आता उघडायला कारण आहे. तसलं पेट्रोल त्यातून गेलंय.

खालची वाटी काढली. तळाला हिरवट तपकिरी चिकट लेप, नखाने खरवडला तर मेणासारखा निघाला. उभ्या इंजिनात वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि दोन स्ट्रोकचं तेल मागे राहतं. आमच्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये हे किती लवकर होत असेल ते सांगायला नको. पुन्हा भरलं, पुन्हा उडालं, दर वेळी एक पापुद्रा.

जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी पितळी भोकं. मोठा जेट स्वच्छ. उजेडाकडे धरला तर आरपार गोल दिसतो. लहान जेट काढला, त्याचं भोक केसाएवढं. उजेडाकडे धरलं तर काळं. लहान जेट सुरू होताना आणि स्लोवर पेट्रोल देतो, मोठा जेट रेस वाढल्यावर. म्हणजे इंजिन चालू असताना चांगलं का चालायचं आणि सुरू व्हायला का मरायचं, याचं निम्मं उत्तर इथे मिळालं.

भोकात सुई किंवा स्टीलची तार घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग स्लो कधीच बसत नाही. क्लीनरमध्ये भिजवून ठेवला, हवा मारली. तरी राहिलेलं बारीक वायरमधली तांब्याची एक तार घेऊन हलकेच मोकळं केलं. फ्लोटची सुई, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल अडवणारी, भिंगातून बघितली. टोकावर गोल खाच पडली आहे. बदलायची.

आऊटबोर्डचे सुटे भाग धुळ्यात नाहीत. सुरतेला फोन केला. तापी जिथे समुद्राला मिळते तिथे या इंजिनांची दुकानं असणारच. सुई, वाटीचं पॅकिंग, इंजिनावरच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा आणि नवा फुगा सांगितला. पार्सल नरडाण्याला येईल.

२४ एप्रिल

पार्सल आलं. सुई आणि पॅकिंग बसवलं, फ्लोटची उंची बघितली. ताजं पेट्रोल पाच लिटरच आणलं. लिटरला २० मिलि तेल, म्हणजे ५० ला १. इंजिनाच्या पुस्तकात हेच प्रमाण आहे.

२०० लिटरच्या ड्रममध्ये पाणी भरून इंजिनाची खालची बाजू बुडवली. आऊटबोर्ड कोरड्यात चालवायचं नाही, आतला पाण्याचा रबरी पंखा काही सेकंदांत जळतो. दोरी ओढली, धरलं. मागून पाण्याची धार जोरात. स्लो सेट केला. आवाज एकसारखा, मिसिंग नाही.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना सांगितलं, आज काही सिद्ध झालेलं नाही. पाइप जोडलेलाच ठेवून इंजिन शेडमध्ये, कुणी हात लावायचा नाही.

१ मे

काल आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया झाली. गावात अजून झोके बांधलेले आहेत, माहेरवाशिणींची गाणी शेडपर्यंत ऐकू येतात.

चोक ओढून दोरी ओढली. नाही धरलं. फुगा दाबला तर मऊच. दाबत राहिलो तरी कडक होत नाही.

मग वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेलं पेट्रोल बाटलीच्या झाकणात घेतलं. झाकणाचा तळ जेमतेम ओला झाला. इंजिन चालवून बंद केल्याबरोबर हाच स्क्रू सोडला असता तर झाकण भरून सांडलं असतं. वाटी सुकली, यात नवल नाही. वाटीला हवेचं भोक असतं आणि बाहेर ४३-४४ अंश ऊन आहे. पण वाटी सुकली तरी फुगा दाबल्यावर ती भरायला हवी, फुगा आहेच त्यासाठी. फुगा कडक होत नाही म्हणजे दाबलेलं पेट्रोल पुढे न जाता मागे टाकीत परततंय, किंवा कुठून तरी हवा ओढली जातेय.

संध्याकाळी फुगा आणि इंजिन यांच्यामध्ये पाइपाचा एक तुकडा काढून पारदर्शक नळी घातली. एवढ्या एका नळीने जे दाखवलं ते पान्याने कधीच सापडलं नसतं. फुगा दाबला, नळी भरली. हात काढला तर पेट्रोलचा खांब हळूहळू मागे सरकायला लागला. इंजिनाकडून हवेचा एक लांब बुडबुडा आला आणि त्याच्यामागे बारीक मण्यांची माळ. बुडबुडे इंजिनाकडून येतात, म्हणजे बहुधा पाइप इंजिनाला जोडायच्या क्लिपमधून हवा शिरते. खांब मागे सरकतो, म्हणजे पेट्रोल मागे जाऊ न देणारी फुग्यातली झडप धरत नाही. दोष दोन, आणि दोन्ही मिळून रात्रभरात अख्खा पाइप रिकामा करतात.

३ मे

पाइपच्या जोडणीची क्लिप उघडली. आतली रबरी रिंग चपटी होऊन एका बाजूला चिरलेली. बदलली. फुगा नवा बसवला. जुना फुगा कापून बघितला तर आतलं रबर फुगून सालपटं सुटलेली, एक सालपट झडपेच्या तोंडात अडकलेलं. जुन्या पद्धतीच्या रबराला इथेनॉल मानवत नाही. नवा पाइप आणताना इथेनॉल चालेल असं छापलेलाच आणला.

एक गोष्ट पोरांना हातात धरून शिकवली. फुग्यावर बाण असतो. दाबताना फुगा उभा धरायचा, बाण वर, इंजिनाकडे. आडवा टाकून दाबला तर आतल्या झडपा नीट बसत नाहीत आणि चांगला फुगासुद्धा कडक व्हायला वेळ घेतो. आणि दाबायच्या आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा. उभा धरला की चार-पाच दाबांत दगडासारखा कडक झाला.

हात घातलाच होता म्हणून पंपाचा पडदाही बदलला. हा पंप क्रँककेसच्या, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीच्या दाबावर चालतो. पडदा ताठरला तर इंजिन जोरात फिरताना काम भागतं, पण दोरीच्या एका झटक्यात जो दाब येतो त्यावर तो हलतसुद्धा नाही. आमचा पडदा हातात घेतला तर वाळक्या केळीच्या पानासारखा कुरकुरत होता.

पुन्हा ड्रम, पुन्हा सुरू, पुन्हा शेड.

१३ मे

मधल्या दिवसांत वळवाचा पाऊस आला, शेडचा एक पत्रा उडाला. तो बसवला.

सकाळी फुगा दाबला. कडक. दोरी ओढली, धरलं. पण लगेच नाही, बराच वेळ नुसता खोकत होतं. पूर्वीपेक्षा शंभर पटीने बरं, तरी माझं समाधान नाही. पाणी चढत असताना या खोकण्याला वेळ कुठला?

एअरच्या बाजूचं झाकण काढलं आणि एका पोराला चोक ओढायला सांगून मी कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च मारला. चोकची पत्री पूर्ण बंद होत नव्हती. वरच्या कडेला करंगळी जाईल एवढी फट. बाहेर नॉब पूर्ण ओढलेला दिसतो, आत पत्री अर्धवट. कधीतरी कव्हर जोरात बसवताना जोडणीची तार वाकली असावी. पक्कडीने सरळ केली. आता पत्री चट्ट करून बसते, तो आवाज बाहेर ऐकू येतो.

चोकचं काम एवढंच, की हवा अडवून जेटमधून जास्त पेट्रोल खेचायचं. ताज्या पेट्रोलमधला हलका भाग लवकर वाफ होतो, थंड इंजिन तोच पकडतं. वाटीत उभ्या राहिलेल्या पेट्रोलमधला हलका भाग सगळ्यात आधी उडून जातो. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा तोच गायब. म्हणून उभ्या इंजिनाला चोक पूर्ण बंद होणं फार गरजेचं, मग बाहेर कितीही ऊन असो.

२३ मे

आज पहिल्याच झटक्यात. फुगा, चोक, झटका. नानांनी स्वतः ओढली. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला बरं वाटलं.

२५ मे

दुपारी दोन पोरं घाटावर बोट घेऊन सरावाला गेली होती. इंजिन बंद करून झाडाखाली जेवायला बसली आणि परत येऊन बघतात तर सुरू होईना. फोन आला. मी गेलो तेव्हा दोघं चोक ओढून घामाघूम होत ओढत होते.

प्लग काढला. ओला चिंब. तक्रार तीच, दोष बरोबर उलटा. टाकी भर उन्हात, हवेचा स्क्रू बंद, पाइप जोडलेला. टाकी दोन्ही बाजूंनी ढोलासारखी फुगली होती. आतल्या दाबाने पेट्रोल फ्लोटची सुई ढकलून आत घुसलं आणि इंजिन ओव्हर झालं, म्हणजे आत नको इतकं पेट्रोल साचलं. त्यावर चोक ओढायचा म्हणजे बुडत्याला आणखी पाणी पाजायचं.

पाइप काढला, चोक आत, रेस पूर्ण उघडी, प्लग पुसून बसवले, दोरी ओढली. थोड्या झटक्यांनी पांढरा धूर सोडत धरलं. धरल्याबरोबर रेस खाली.

मग शेडच्या भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं, प्लग कोरडा असेल तर फुगा आणि चोक, प्लग ओला असेल तर चोक आत आणि रेस उघडी. पुरात काम करणाऱ्या प्रत्येकाला प्लग काढून बघता आला पाहिजे. प्लगचा पाना आणि कोरडे प्लग आता बोटीतच एका डब्यात ठेवले आहेत.

८ जून

मृग लागला. पोरांशी बसून ठेवायची पद्धत ठरवली, आणि ती मी सगळ्यांकडून करून घेतली.

काम झालं की पाइप काढायचा आणि स्लोवर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. वाटी रिकामी होते. मग तळाचा स्क्रू सोडून उरलेले थेंबही काढायचे. वाटीत काही नसेल तर लेपही बसणार नाही. टाकी सावलीत, पाइप काढलेली, हवेचा स्क्रू बंद. जास्त दिवस ठेवायचं असेल तर प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं दोन स्ट्रोकचं तेल टाकून दोरी हलके ओढायची.

पेट्रोल महिन्याला बदलायचं. यावर गटात खर्चाची चर्चा झाली, आणि ती रास्तच आहे, वर्गणीवर चालणारा गट आहे. उपाय शिवारातच निघाला. कापसावर फवारणी करणारे पेट्रोलचे पंप दोन स्ट्रोकचेच असतात, त्यांनाही तेल मिसळलेलंच पेट्रोल लागतं. बोटीतलं महिन्याचं पेट्रोल ज्याच्या पंपाला हेच प्रमाण चालतं तो घेणार आणि तेवढंच ताजं भरून देणार. तीन शेतकऱ्यांनी लगेच हो म्हटलं.

२० जून

इंजिन मुद्दाम बंद ठेवलं होतं, वाटी रिकामी करून. रात्रभर पाऊस झाला. सकाळी मी न सांगता शेडवर गेलो आणि गटातल्या सगळ्यात धाकट्या पोराला एकट्याला म्हटलं, पाणी आलंय असं समज, काढ.

त्याने हवेचा स्क्रू उघडला, पाइप जोडला, फुगा उभा धरून दाबला, लाल क्लिप हाताने चाचपली, चोक ओढला. दोरी ओढली. धरलं. दुसऱ्या हाताने चोक आत केला आणि ड्रममधल्या पाण्याची धार बघायला मागे वाकला.

पाण्याचा रबरी पंखा अजून जुनाच आहे. धार चांगली आहे, पण तो किती वर्षांचा आहे ते कुणालाच ठाऊक नाही. पंखा आणि त्याला दांड्यावर धरून ठेवणारी चावी सुरतेहून मागवली आहे. पार्सल आलं की हतनूरमधून पाणी सुटायच्या आधी बसवून घेणार.